दिवसातून एकदाच येणारी आई

(एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत निवृत्त पशुवैद्यकानं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'नवजात सशांची निगा'. त्यावर मी बोलणार आहेच. पण माईक हातात आला की माझं काय होतं, हे इथल्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. तेव्हा निगा शेवटी. आधी सशाच्या आईची बाजू मांडू द्या.

माझी सगळी नोकरी गाईम्हशींत गेली. निवृत्त होऊन शहरात आलो, तर फोन यायला लागले सशांचे. आणि मादी व्याली की फोनवरचं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, ही पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही हो!"

आमच्या ओळखीच्या एका घरात सशांची जोडी आणली. दुकानदार म्हणाला, "दोन्ही माद्याच आहेत, निर्धास्त राहा." आता कोवळ्या वयात सशांचे नर-मादी ओळखणं अवघड असतं, मान्य. पण दुकानदारांना काहीच अवघड नसतं. (हशा) पुढे एकदा त्यातली एक आपल्या पोटावरचे, गळ्याखालचे केस उपटायला लागली. घरच्यांना वाटलं खरूज झाली. मलम आणलं. आजोबा लावायला गेले, तर ती गुरगुरली. ससा गुरगुरतो, हे आजोबांना पंचाहत्तरीत कळलं! कान मागे पाडून, पुढचे पंजे आपटत ती अशी अंगावर आली की मलमाची ट्यूब बाल्कनीतून खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात केसांचा ढीग, आणि ढीग हलतोय.

आत सहा पिल्लं. उघडीनागडी, गुलाबी, डोळे मिटलेले, कान बंद. जन्मतः ५०-६० ग्रॅम वजन, तुमच्या सोनाराच्या काट्यावर तोलावं असं. आणि आई? ती दुसऱ्या टोकाला कोथिंबीर खात बसलेली. आजींचा पारा चढला. "असली कसली गं आई तू?" चार मुलं वाढवलेल्या बाई, त्यांना कोण थांबवणार? वाटीत गाईचं दूध, त्यात थोडं पाणी, औषधाचा ड्रॉपर. मी पोचलो तेव्हा पहिलं पिल्लू तळहातावर उताणं होतं.

ड्रॉपर आधी काढून घेतला. उताणं धरून तोंडात दूध सोडलं की ते फुप्फुसात जातं, आणि माणसाच्या मायेनं मरणारी पिल्लं बहुतेक अशीच जातात. मग तेच पिल्लू उजेडात धरलं आणि आजींना चष्मा लावायला सांगितला. पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून दिसतं. बरगड्यांच्या खाली पांढरा पट्टा, पोट टम्म. म्हटलं, "आजी, हे दूध कुणी पाजलं?" सगळं घर झोपलेलं असताना बाई येऊन, सहाही जणांना पाजून, परत जाऊन बसल्या होत्या.

ही माझी मनची गोष्ट नाही. १९६५ साली 'सायन्स' नियतकालिकात झॅरो नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं: सशाची आई दिवसातून साधारण एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं. एखादी दोनदा जाते. मागच्या बाजूला कोण 'मज्जाय' म्हणालं? (हशा) अहो, त्या तीन मिनिटांत एकेक पिल्लू आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं दूध ओढतं. डेअरीला दूध घालणारे इथे असतील. म्हशीच्या दुधाला सात टक्के फॅट लागली की आपण खूश. सशाच्या दुधाला बारा-तेराच्या आसपास लागते! आठवड्यात पिल्लाचं वजन दुप्पट होतं ते उगीच नाही. आंधळ्या पिल्लाला सड सापडतो कसा? वासानं. तो वास नेमका कुठल्या द्रव्याचा, हे फ्रान्समधल्या दिजाँच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिलं.

मग एरवी ती लांब का बसते? पाळीव सशांचं मूळ युरोपातल्या रानसशांत आहे. तिथे आई बिळात विते, पाजून बाहेर पडते आणि बिळाचं तोंड मातीनं लिंपून टाकते. कोल्हा, मुंगूस-वर्गातले शिकारी वासावर असतात. ती जितकी तिथे घुटमळेल तितकं बीळ उघडं पडेल. लांब बसणं हीच तिची राखण. बाल्कनीत कोल्हा येत नाही, हे तिला कोण सांगणार?

आपली अडचण अशी की आपल्या डोक्यात आई म्हणजे गाय. चाटणारी, हंबरणारी. संतांनीही विठोबाला गाय केलं आणि स्वतः वासरू झाले. पण त्याच संतांनी कासवीलाही मान दिलाय, बरं का! पैलतीरावरून नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते म्हणे. प्रत्यक्षात कासवी अंडी घालते आणि चालू लागते. ती कीर्तनात आदर्श माता; आणि ही बिचारी रोज न चुकता पाजून जाते, तर हिला बोल!

जाता जाता, ऊसतोडीच्या वेळी फडात सापडणाऱ्या पिल्लांचं सांगतो. तो आपला रानातला ससा वेगळा. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, उघड्यावर बसलेली. त्यांचीही आई दूरच असते. लोक 'अनाथ' म्हणून घरी आणतात. आणू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो ससा पाळता येत नाही, आणि ते पिल्लू अनाथ नसतं...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं.' बरं, निगा.

गाभणकाळ सुमारे ३१ दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात पेटी ठेवा, मादी आरामात वळेल एवढीच, तळाला सुकं गवत. नर आधीच वेगळा करा. व्याल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. रोज एकदा पेटी तपासा. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, हे पाळीव सशाबाबत खरं नाही. मात्र ती तिथे असताना हात घालू नका, चावेल, आणि तो तिचा हक्क आहे. लसूणघास, म्हणजे हिरवा चारा, टाका, ती तिकडे गेली की पेटी बाहेर घ्या, पेटीतलंच गवत हाताला चोळा. मेलेलं पिल्लू असेल तर काढा. पोटं बघा: टम्म असतील तर पेटी परत ठेवा. दोन दिवस पोटं सुरकुतलेली दिसली तर डॉक्टर गाठा.

पिल्लू पेटीबाहेर पडलं तर आई उचलून आणत नाही, ते काम तुमचं. कधी सडाला लोंबकळत बाहेर येतं. गार पडलेलं पिल्लू मेलं समजून टाकू नका. हातात, उबदार फडक्यात धरा, पुष्कळदा हलायला लागतं. गार असताना काही पाजू नका. उन्हाळ्यात उलट: पिल्लं एकमेकांपासून लांब पसरली की समजा उकडतंय, पेटीतले थोडे केस काढून घ्या आणि पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाका. आईला पाणी अखंड हवं. पाण्यावाचून, गोंगाटात, कुत्र्यामांजराच्या धाकात ठेवलेली मादी पिल्लं खाते. तेव्हा दोष आधी पिंजऱ्याच्या जागेत शोधा.

आई दगावली तर दुसरी नुकती व्यालेली मादी शोधा. पहिल्या दोन-तीन दिवसांतली पिल्लं तिच्यात मिसळली तर ती बहुधा घेते. सड गरम, टणक लागला तर दगडी, म्हणजे सडाला सूज, झालीय, लगेच उपचार. डोळे दहा-बारा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर येऊन आईच्या गवताला तोंड लावतात. साधारण पाच-सहा आठवड्यांनी आईपासून तोडा, आधी नाही. खाणं एकदम बदलू नका, हगवणीनं जातात.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फोटो दाखवणार असाल तर पिल्लाच्या पोटाचा दाखवा, चेहऱ्याचा नको.