सठीसहामासीचा ब्लू मून

श्रोतेहो, नमस्कार. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे अगदी क्वचित. मराठीत त्याच्या तोडीचा शब्द आहे, सठीसहामासी. तो हाताशी असताना 'निळ्या चंद्राच्या वेळी' असं भाषांतर कशाला करायचं?

हा वाक्प्रचार अधूनमधून घडणाऱ्या गोष्टींसाठी आहे. 'काका सठीसहामासी आमच्याकडे येतात' हे इंग्रजीत 'अंकल व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून' असं होईल. क्रियापद साध्या वर्तमानकाळात, वाक्प्रचार शेवटी. पण काका काल एकदाच येऊन गेले, तर तिथे तो बसत नाही. मराठीतही 'काका काल सठीसहामासी आले' असं कुणी म्हणत नाही. सोबत 'रेअरली' जोडू नका, अर्थ दोनदा येतो. आणि मधला 'अ' हमखास गळतो, कारण मराठीत आर्टिकल नाही. तो ऐकू आलाच पाहिजे.

आता चंद्राकडे वळू. धुराचे किंवा ज्वालामुखीच्या राखेचे विशिष्ट आकाराचे कण हवेत पसरले, तर चंद्र खरोखर निळसर दिसतो. 1883 मध्ये क्राकाटोआच्या उद्रेकानंतर तसा तो दिसला होता. कॅलेंडरातल्या ब्लू मूनचा मात्र रंगाशी संबंध नाही. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, की दुसरीला हे नाव देतात. ही व्याख्या एका चुकीतून रूढ झाली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जुन्या शेतकी पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या, तर तिसरीला ब्लू मून म्हणत. 1946 मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या लेखात त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. मासिकाने 1999 मध्ये चूक मान्य केली, पण तोवर नवा अर्थ घरोघरी पोचला होता.

दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस असतात. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. ही तूट साठत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक पौर्णिमा जादा येते. आपला अधिक मास याच हिशेबातून निघतो. ऑगस्ट 2023 आठवा. पहिली पौर्णिमा अधिक श्रावणातली, दुसरी निज श्रावणातली, म्हणजे नारळी पौर्णिमा. तोच त्या वर्षीचा ब्लू मून.

फेब्रुवारीत मात्र तो कधीच येत नाही, लीप वर्षातही नाही. 2018 मध्ये तर जानेवारी आणि मार्च, दोन्ही महिन्यांत दोन-दोन पौर्णिमा आल्या आणि मधला फेब्रुवारी एकाही पौर्णिमेविना गेला.