शिरोरेषा न तोडता

(पडद्यावर काळी पार्श्वभूमी. ‘क्षितिज’ हा शब्द टाइपरायटरसारखा उमटू लागतो.)

वेबवर आणि फोनवर मराठी मजकुराला हालचाल, किनार, छटा किंवा सावली देताना काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं, ते पाहू. नीट बघा. आधी ‘क’ आला. मग त्याचा पाय मोडला. मग तो ‘क’ नाहीसाच झाला आणि त्याच्या जागी ‘क्ष’ उभा राहिला. पुढच्या क्षणी डावीकडे वेलांटी घुसली आणि आलेलं अक्षर उजवीकडे सरकलं. ‘त’च्या वेळी पुन्हा तेच.

प्रोग्राममध्ये चूक कुठेही दिसत नाही. त्याने शब्दाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा दाखवला. पण ‘क्षितिज’ संगणकात ७ कोडपॉइंटांनी, म्हणजे चिन्हांच्या सांकेतिक क्रमांकांनी, साठवलेला असतो: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. वाचणाऱ्याला मात्र अक्षरं दिसतात ३. शिवाय ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाआधी. ‘सूर्य’मध्ये तर ‘र’ पूर्ण उमटतो आणि ‘य’ येताच उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

उपाय आहे. तुकडे कोडपॉइंटांचे करायचे नाहीत, ग्राफीम क्लस्टरचे, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या अख्ख्या अक्षरांचे, करायचे. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी ‘इंटल डॉट सेगमेंटर’ (Intl.Segmenter) हे तयार साधन आहे. भाषा ‘एमआर’ (mr), म्हणजे मराठी, द्यायची. युनिकोड या अक्षर-संकेतांच्या जागतिक मानकाच्या १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला. जुन्या नियमाने ‘क्षि’चेही दोन तुकडे पडतात, म्हणून जुन्या फोनवर तपासणी हवीच. आणि खरं सांगायचं तर मराठी मजकूर अक्षराअक्षराने हलवण्यापेक्षा शब्दाशब्दाने हलवावा. शब्द हेच आपल्या लिपीचं एकसंध चित्र आहे. वरची रेघ त्याला बांधून ठेवते.

(रेघेचा क्लोज-अप. दोन अक्षरांच्या सांध्यावर बारीक फट.)

ही रेघ तोडण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. रोमन मथळ्याला ते शोभतं. मराठी मथळ्याची त्याने वेगवेगळी अक्षरं होतात. अँड्रॉइडवर हे न मागताही घडू शकतं: गूगलच्या मटेरियल ३ या तयार रचनापद्धतीच्या ‘बॉडी लार्ज’ शैलीत ०.५ एसपी (अँड्रॉइडचं अक्षर-आकाराचं एकक) इतकं अंतर आधीच भरलेलं असतं. फॉन्टचे सांधे घट्ट नसले की रेघेत फटी पडतात. मराठीसाठी ते शून्य करा, प्रत्येक शैलीत.

(‘महाराष्ट्र’ हा शब्द, पोकळ, फक्त किनारीचा. प्रत्येक सांध्यावर उभी रेघ.)

आता किनार. फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर किंचित चढवलेली असतात, म्हणून तर शिरोरेषा सलग दिसते. किनार मात्र प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र ओढली जाते आणि लपलेले सांधे उघडे पडतात. व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे ज्याची जाडी हवी तशी बदलता येते त्यात, एकाच अक्षराचे भागही एकमेकांवर असतात, तिथे अक्षराच्या पोटातही रेघा उमटतात.

वेबवर ‘पेंट ऑर्डर’ (रंगवण्याचा क्रम) या गुणधर्मात आधी ‘स्ट्रोक’ (किनार), मग ‘फिल’ (आतला रंग) लिहा. सगळी किनार आधी रंगते, वरून भरीव रंग बसतो आणि सांधे झाकले जातात. किनार अक्षराच्या कडेच्या निम्मी आत, निम्मी बाहेर असते. २ पिक्सेल दिसायला हवी असेल तर ४ द्यावी लागते. अँड्रॉइडच्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या पृष्ठभागावर) तोच मजकूर दोनदा काढायचा, आधी स्ट्रोक शैलीत, मग फिल शैलीत. किनारीचे कोपरे गोल ठेवा, नाहीतर टोकदार वळणांवर काटे बाहेर येतात.

पोकळच अक्षर हवं असेल तर ही युक्ती चालत नाही. झाकायला आत रंगच नसतो. मग इंकस्केपसारख्या साधनात शब्दाचा पाथ, म्हणजे रेषांचा आकार, करायचा, ‘युनियन’ने सगळे तुकडे एक करायचे आणि एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) वापरायची. तो आता मजकूर राहिलेला नाही, म्हणून स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी पर्यायी मजकूर द्यायला विसरू नका.

हेच सांधे अर्धपारदर्शक रंगातही दिसतात, गडद ठिपक्यांसारखे, कारण तिथे रंग दोनदा चढतो. पारदर्शकता रंगात न देता पूर्ण घटकाच्या ‘ओपॅसिटी’त दिली की ठिपके जातात.

(‘मूर्तींची’ या शब्दावर केशरी ते जांभळी छटा. वरचे रफार आणि अनुस्वार गायब.)

ग्रेडियंट, म्हणजे अशी बदलत जाणारी छटा, दिसतो सुंदर, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. वेबवर मजकुराचा रंग पारदर्शक करून मागची छटा अक्षरांच्या आकारात कापली जाते. ती छटा चौकटीपुरतीच असते. ओळीची उंची अक्षर-आकाराच्या १.१ पट ठेवली, तर चौकटीबाहेर गेलेल्या रफाराला, वेलांटीला, खालच्या उकाराला रंगच मिळत नाही. अर्थच बदलतो: नुसता अनुस्वार गेला तरी ‘मूर्तींची’ची ‘मूर्तीची’ होते. ओळीची उंची १.५ च्या आसपास घ्या, किंवा वर-खाली ०.२ ईएम (अक्षर-आकाराच्या ०.२ पट) पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या. चाचणीला ‘मूर्तींची’, ‘सर्वोत्कृष्ट’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द ठेवा. ‘नमस्कार’ सगळीकडे नीटच दिसतो.

अँड्रॉइडच्या जुन्या ‘व्ह्यू’ पद्धतीत ग्रेडियंटची रुंदी पिक्सेलमध्ये द्यावी लागते आणि मांडणी होण्याआधी ती शून्य असते. म्हणून शेडर (छटा भरणारं साधन) मांडणीनंतरच लावायचा. ‘कंपोज’ या नव्या पद्धतीत छटेचा ‘ब्रश’ आकार स्वतः घेतो. तिथेही ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ (फॉन्टची वर-खाली जादा जागा) बंद केलं असेल तर पहिल्या ओळीच्या मात्रा कापल्या जात नाहीत ना, हे बघा.

सावली त्या मानाने सोपी. फोटोवरच्या १६ पिक्सेल मजकुराला उभा सरक १ पिक्सेल, धूसरपणा २ ते ३ पिक्सेल, काळा रंग ६० टक्के, एवढं पुरतं. अक्षराच्याच गडद रंगाची सावली जास्त पसरली की ‘ष’, ‘छ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते आणि ‘ष’चा ‘प’ वाटू लागतो.

सावलीचा धूसरपणा ॲनिमेट करू नका. प्रत्येक फ्रेमला मजकूर पुन्हा रंगवावा लागतो, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर हाताशी जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. ‘ट्रान्सफॉर्म’ (सरकवणं, लहान-मोठं करणं) आणि ‘ओपॅसिटी’ (पारदर्शकता) स्वस्त पडतात.

(पुन्हा ‘क्षितिज’. या वेळी पूर्ण शब्द एकदम, हळूच वर सरकत उजळतो.)

मजकूर तुकड्यांत विभागलाच असेल, तर स्क्रीन रीडर तो तुकड्यांत वाचतो. तुकडे ‘एरिया हिडन’ (aria-hidden, स्क्रीन रीडरपासून लपवलेले) करा आणि पूर्ण वाक्य मूळ मथळ्याच्या लेबलात ठेवा. ज्याने फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याचा पर्याय निवडला आहे, त्याला हा शब्द थेट, स्थिर दिसू द्या.