लाल पेन्सिलीच्या खुणा

टेबलावर जिन्याचं सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, पसरलंय. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत ३००० मिलिमीटर, १५०चे वीस रायझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या उंच्या. हिशेब चोख. तरी सीनियर आर्किटेक्टची लाल पेन्सिल तळाच्या पायरीपाशी थांबते.

“फ्लोअरिंगची जाडी किती धरलीस?”

सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी मान खाली घालून आकडेमोड करते. दोन्ही मजल्यांवर फिनिश, म्हणजे स्लॅबवरचा फरशीचा थर, ५० मिलिमीटर, पायऱ्यांवर २०. म्हणजे काम संपल्यावर तळाची पायरी १२०ची होणार आणि सगळ्यात वरची १८०ची. बाकीच्या १५०च्या. माणसाचा पाय अशाच ठिकाणी अडखळतो.

सीनियरना ही दुरुस्ती दोन मिनिटांत करता आली असती. डेडलाइन डोक्यावर असली की होतंही तसंच. फाइल काढून घेतात, बदल करतात, ज्युनियरला पत्ताही लागत नाही. इथे मात्र पेन्सिल तिच्या हातात आली. आर्किटेक्ट घडतो तो अशाच वेळी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

या व्यवसायात हे पूर्वापार चालत आलंय. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट हे लुई सलिव्हन यांच्या हाताखाली तयार झाले. १९१०च्या सुमारास जर्मन आर्किटेक्ट पीटर बेहरेन्स यांच्या ऑफिसात काम केलेल्यांत वॉल्टर ग्रोपियस होते, मीस व्हॅन डेर रोहे होते आणि ल कॉर्बुझिएही. पुढे १९५१मध्ये कॉर्बुझिए यांच्या पॅरिसमधल्या ऑफिसात बाळकृष्ण दोशी दाखल झाले. २०१८चं प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मानाचं पारितोषिक मिळालेले हेच दोशी.

पण या परंपरेच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. सबमिशनच्या आदल्या रात्रीची जागरणं, तुटपुंजा पगार, आणि वर “शिकायला मिळतंय ना!” हे चुकीचंच आहे. शिकवणं म्हणजे पगार नव्हे. आणि पहाटे तीन वाजता काढलेल्या ड्रॉइंगमध्ये फिनिशची जाडी हमखास राहून जाते.

चार आठवड्यांनी ती साइटवर आहे. जिन्याचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागलंय. ती टेप लावते: तळाचा रायझर १८०, मधले १५०, सगळ्यात वरचा १२०. फिनिश चढलं की सगळे सारखे होतील. ती हसते.

मिस्त्री शेजारी येऊन उभे राहतात.

“मॅडम, रेलिंगच्या प्लेटा कुठे बसवायच्या? उद्या काँक्रीट ओतायचंय.”

ड्रॉइंगवर त्या नाहीत. ती डायरी उघडते आणि ऑफिसला फोन लावते.