पडद्यावर ओरडणारा आणि गुपचूप राहणारा

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी वाचत बसलेलं असताना अचानक सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजायला लागतो आणि इंग्रजीत सूचना झळकते, की तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडला आहे, ते बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. घरात एकटं असलेलं वयस्कर माणूस अशा वेळी घाबरतं आणि तो नंबर फिरवतं. आज सगळ्यात आधी मला हेच सांगायचं आहे, की त्या क्षणापर्यंत बहुतेक वेळा कॉम्प्युटरमध्ये काहीही शिरलेलं नसतं. समोर दिसतं ते पडदाभर पसरलेलं एक वेबपान. एखाद्या वेबपानाला तुमची हार्ड डिस्क तपासून व्हायरस शोधता येत नाही. आणि विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

धोका सुरू होतो तो फोन लावल्यावर. पलीकडचा माणूस अदबीनं बोलतो आणि लांबून कॉम्प्युटर चालवता येईल असं एक सॉफ्टवेअर उतरवायला सांगतो. ते सॉफ्टवेअर स्वतः वाईट नसतं, अनेक कंपन्या ते रोज वापरतात. पण त्यातून तो तुमच्या मशीनमध्ये येतो आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची खिडकी उघडून तिच्यातल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवतो. म्हणतो, बघा, किती व्हायरस आहेत. श्रोतेहो, त्या खुणा प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरवर असतात. एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला तरी तिथे नोंद होते. ज्याला हे माहीत आहे तो फसत नाही, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग त्या लाल पडद्याचं करायचं काय? एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा. नाही हललं तर आल्ट आणि एफ फोर. तेही नाही चाललं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. पुन्हा ब्राउझर सुरू केल्यावर 'आधीची पानं परत उघडू का' असं विचारलं तर नको म्हणा. आणि उजव्या कोपऱ्यात अशाच सूचना रोज येत राहिल्या, तर कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी साइटची परवानगी काढून टाकली, की त्या थांबतात. त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

खरा मालवेअर, म्हणजे नुकसान करायलाच बनवलेला प्रोग्रॅम, असा ओरडत नाही. पासवर्ड चोरणारा जो प्रकार हल्ली फार पसरला आहे, तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज, म्हणजे पासवर्ड पुन्हा न विचारता साइट तुम्हाला ओळखते त्या खुणा, उचलतो, बाहेर पाठवतो आणि कित्येकदा स्वतःला पुसूनही टाकतो. सगळा खेळ काही मिनिटांचा. त्यामुळे 'पीसी स्लो झालाय, म्हणजे व्हायरस आलाय' हा आपला नेहमीचा तर्क फारसा कामाचा नाही. स्लो होण्याचं कारण बहुधा भरलेली किंवा म्हातारी झालेली हार्ड डिस्क असतं. शंका यायला हवी ती वेगळ्या गोष्टींनी. अँटिव्हायरस आपोआप बंद पडला आणि पुन्हा चालू होत नाही. ब्राउझरमध्ये आपण न टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रॅम, बसलं आहे. तुमच्या नावानं मित्रांना लिंका जात आहेत. कॉम्प्युटर नुसता पडून असताना पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो. दुसऱ्यांसाठी गुपचूप क्रिप्टोचलन खणणारे काही प्रोग्रॅम असेच लपतात.

हा चोर घरात येतो कुठून? फुकटात मिळवलेल्या क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरमधून, हे तर आहेच. 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा' अशी सूचना जिथे दिसेल, तिथून मागे फिरा. अलीकडची युक्ती मात्र जास्त धूर्त आहे. एखादी साइट 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणते आणि सांगते, विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुम्ही तसं केलंत, की पानानं आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुमच्याच हातानं चालवली जाते. कुठलीही खरी पडताळणी असं करायला लावत नाही.

आणि आपल्याकडे अजून न गेलेला प्रकार म्हणजे शॉर्टकट व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह घरी लावला, की फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसतात, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले. कधी तर आत एकच शॉर्टकट असतो, तोही पेन ड्राइव्हच्या नावाचा. त्यावर क्लिक केलं तर आपल्या फायली दिसतातही, म्हणून शंका येत नाही. पण त्या क्लिकनंच व्हायरस कॉम्प्युटरमध्ये उतरलेला असतो. इथे लोक घाईनं पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारतात आणि दहावीचे दाखले, लग्नाचे फोटो घालवून बसतात. फॉरमॅट मारू नका. फायली बहुधा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या. आधी कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. तरी दिसल्या नाहीत, तर फोल्डर ऑप्शन्समधली सिस्टीमच्या संरक्षित फायली लपवण्याची खूण काढा. फायली दुसरीकडे कॉपी झाल्या, की मग खुशाल फॉरमॅट मारा. एकटा पेन ड्राइव्ह साफ केला आणि कॉम्प्युटर तसाच राहिला, तर पुढच्या वेळी लावताच तो परत बिघडतो.

मालवेअर खरोखर आलाच, असं वाटलं तर क्रम सांभाळा. पहिल्यांदा इंटरनेट तोडा, वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. मग मोबाइलवरून किंवा दुसऱ्या चांगल्या मशीनवरून पासवर्ड बदला, आणि सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हेही दाबा, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहू शकते. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतला डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो, म्हणून लपलेला चोरही सापडू शकतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनंही आहेत. तरीही मनात शंका राहिली, तर फायली बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लवकर कळवलं तर पैसे मधल्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते.

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरबद्दल थोडंसं. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' दीडशेहून अधिक देशांत पसरला. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यानं थांबवलं. म्हणून अपडेट पुढे ढकलू नका. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात घ्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची अपडेट्स थांबली आहेत. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. प्रत नसताना हल्ला झालाच, तर खंडणी देऊ नका आणि त्या बंद फायली पुसूही नका. २०१६ पासून 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात डच पोलीस, युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोल आणि सुरक्षा कंपन्या अशा फायली उघडणाऱ्या किल्ल्या मोफत देत आल्या आहेत. आज तुमच्या फायलींची किल्ली तिथे नसेल, तर फायली जपून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

नमस्कार.