शनिवारी नाशिक गाठायचं: कसारा की समृद्धी?

श्रोतेहो, नमस्कार.

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-ठाण्याहून नाशिकच्या दिशेने गाड्यांची रीघ लागते. कुणाला त्र्यंबकेश्वर, कुणाला शिर्डी, कुणाला इगतपुरीचा पाऊस, तर कुणाला गावचं घर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेव्हापासून निघण्याआधी घरोघरी एक प्रश्न विचारला जातो: जुन्या रस्त्याने कसारा घाट चढायचा, की टोल भरून समृद्धी धरायची? आज आपण याच प्रश्नाकडे बारकाईने पाहू.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. समृद्धी तुमचा घाट वाचवते, भिवंडी बायपास वाचवत नाही. समृद्धीचं तोंड आमण्याला, म्हणजे भिवंडी तालुक्यात, वडप्याच्या पुढे आहे. हा बायपास, म्हणजे ठाण्याच्या माजिवड्यापासून वडप्यापर्यंतचे साधारण २३ किलोमीटर, दोन्ही वाटांना सारखेच. शनिवार-रविवारी वेळ जातो तो मुख्यतः इथेच. माजिवड्याला घोडबंदरची आणि पूर्व द्रुतगती मार्गाची वाहनं एकत्र येतात. पुढे साकेतचा खाडीपूल. खारेगावला मुंब्रा बायपासवरून कंटेनर येऊन मिळतात. माणकोलीला गोदामांचे ट्रक, रांजणोलीला कल्याण-भिवंडी रस्त्याची वाहनं. एवढ्या सगळ्या धारा एकाच नरसाळ्यात ओतल्या, की नळी कितीही चांगली असली तरी वर तुंबणारच.

हे तुंबणं कसं होतं, ते समजून घेतलं तर वेळ ठरवणं सोपं जातं. चांगल्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण २००० मोटारी जाऊ शकतात, तेही सगळ्या एका गतीने चालत असतील तरच. भरलेला कंटेनर पुलाच्या चढावर एकदा थांबला की पुन्हा वेग घ्यायला त्याला बराच वेळ लागतो. तेवढ्यात मागच्या मोटारी शेजारच्या मार्गिकेत घुसतात आणि तीही मंदावते. रांगेचं शेपूट तासाला १५ ते २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत जातं. म्हणून रांजणोलीला सहा वाजता बंद पडलेला ट्रक साडेसहाला माणकोलीच्याही मागे असलेल्यांना अडवतो. ट्रक बाजूला केल्यावरही रांग लगेच विरत नाही, कारण थांबून निघणारी वाहनं सलग चालणाऱ्या वाहनांपेक्षा कमी संख्येने पुढे सुटतात.

आता वेळ. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते रात्री साडेनऊ ही सर्वांत वाईट. त्यावर बरेच जण तोडगा काढतात, की जेवून, दहा-साडेदहाला निघू. हा तोडगा बहुतेक वेळा फसतो. गर्दीच्या तासांत ठाणे शहरात अवजड वाहनांना बंदी असते आणि रात्री दहाच्या सुमाराला ती सुटतात. उरणच्या बंदरातून आलेले कंटेनर आणि गोदामांकडे जाणारे ट्रक त्याच वेळी बायपासवर येतात. मोटारी कमी झालेल्या असतात, पण रस्ता मोकळा नसतो.

आमच्या मते सर्वांत भरवशाची वेळ शनिवारी पहाटेची. पाच ते सहाच्या दरम्यान माजिवडा ओलांडा. म्हणजे दादरहून साडेचारला गाडी सुरू झाली पाहिजे, सामान आदल्या रात्री गाडीत गेलं पाहिजे आणि इंधन शुक्रवारीच भरलेलं पाहिजे. पहाटे पंपावर घालवलेली पंधरा मिनिटं पुढे पाऊण तासाला पडतात. पहाट चुकली तर आठ ते बारा या वेळेत बाहेर पडू नका. दुपारी जेवून निघा. ट्रक असतात, पण सहलीच्या मोटारी बऱ्याच ओसरलेल्या असतात.

प्रत्येकाने माजिवड्यालाच यायला हवं, असंही नाही. कल्याणच्या लोकांनी गांधारी पुलावरून बापगावमार्गे पडघ्याचा रस्ता धरावा, भिवंडी बायपासचं तोंडही पाहावं लागत नाही. डोंबिवलीकरांना मोठागाव-माणकोली पुलामुळे साकेत आणि खारेगाव टळतं, रांजणोली मात्र टळत नाही. बोरिवली-कांदिवलीच्या लोकांची खरी अडचण घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला होते. तिथे कोंडी दिसत असेल तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्व द्रुतगती मार्गावर येणं अंतराने लांब, पण वेळेने बरं. आणि त्र्यंबकेश्वरलाच जायचं असेल तर त्यांना एक अगदी वेगळी वाट आहे: अहमदाबाद महामार्गाने मनोर, तिथून विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि त्र्यंबक. रस्ता घाटाचा आणि वळणांचा आहे. दिवसाउजेडी आणि सावकाश जायचं असेल तरच तो निवडा.

वडप्याला पोचलात की खरा निर्णय. जुना रस्ता पडघा, वाशिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी करत कसाऱ्याला जातो. माहुली किल्ला, विहीगावचा धबधबा किंवा शहापूर परिसर गाठायचा असेल तर हाच धरा. पहाटे घाट मोकळा असताना नाशिक शहरासाठीही हा वाईट नाही. अडचण होते ती घाटात. भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये चढतात, त्यांना ओलांडणारा दुसरा ट्रक त्यांच्यापेक्षा जेमतेम वेगाने जात असतो, आणि दोघांच्या मागे शंभर मोटारी अडतात. पावसाळ्यात धुकं उतरलं किंवा दरड आली, की तासाचा हिशोब उरत नाही.

समृद्धीवर हा सगळा भाग इगतपुरीच्या जुळ्या बोगद्यातून पार होतो. बोगदा जवळपास ७.८ किलोमीटरचा आहे, पाच-सहा मिनिटांत संपतो. मोटारीचा टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या किंचित वर. म्हणजे आमणे ते इगतपुरी साधारण १५५ रुपये आणि आमणे ते शिर्डी, १८१ किलोमीटरचे, ३७० रुपयांच्या आसपास. राष्ट्रीय महामार्गांसाठी मिळणारा फास्टॅगचा वार्षिक पास इथे चालत नाही, कारण समृद्धी हा राज्याचा रस्ता आहे. म्हणून पास असला तरी फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवा. शिल्लक नसलेली एक गाडी टोलच्या लेनमध्ये अडकली की मागची सगळी लेन अडकते. दुचाकी आणि रिक्षांना समृद्धीवर प्रवेश नाही.

उतरायचं कुठे, हे आधी ठरवा. नाशिक शहर किंवा त्र्यंबक असेल तर इगतपुरीला उतरून जुन्या महामार्गावर या. पुढे घोटीचा टोलनाका लागतो, तिथे शनिवारी सकाळी रांग असते, ती धरूनच चाला. त्र्यंबकला जाणाऱ्यांनी घोटीहून वैतरणेच्या बाजूचा रस्ता घेतला तर नाशिकची रहदारी टळते. भगूर-देवळालीकडे जायचं असेल तर भरवीरला उतरून पाहा. सिन्नरसाठी गोंदे. शिर्डीला जाणाऱ्यांनी मात्र मधे कुठेही न उतरता शिर्डीच्याच इंटरचेंजपर्यंत जावं. समृद्धीचा पुरेपूर फायदा त्यांनाच आहे, कारण घाटाबरोबर घोटी-सिन्नर आणि सिन्नर-शिर्डी हे दोन्ही गर्दीचे पट्टे वाचतात.

या रस्त्याचा एक धोका लोक लक्षात घेत नाहीत. खुटघरचा फाटा, म्हणजे शहापूरजवळचा, सोडला की इगतपुरीपर्यंत बाहेर पडायला जागा नाही. पुढे अपघात झाला असेल तर मागे वळता येत नाही, अडकून राहावं लागतं. म्हणून आमण्याला चढण्यापूर्वी आणि पुन्हा खुटघरच्या आधी, शेजारी बसलेल्याने नकाशा पाहावा. चालकाने नव्हे.

नकाशा पाहतानाही नीट पाहा. तो आत्ताची स्थिती दाखवतो, तुम्ही तिथे पोचाल तेव्हाची नाही. लाल पट्टा एक-दोन किलोमीटरचा आणि पुढे लगेच निळा असेल तर ती चौकातली नेहमीची कोंडी, ती सुटते. पट्टा वाढत वाढत तुमच्या दिशेने येत असेल तर वाहन बंद पडलंय किंवा अपघात झालाय. अशा वेळी नकाशा भिवंडी शहरातल्या किंवा गावांतल्या गल्ल्या सुचवतो. तिथे शिरू नका. हाच सल्ला शेकडो गाड्यांना एकाच वेळी मिळालेला असतो आणि गल्लीत एक टेम्पो आडवा आला तर परतही फिरता येत नाही. निघण्याची वेळ निवडून आदल्या शनिवारसारखा अंदाज पाहण्याची सोय नकाशात आहे. ती शुक्रवारीच वापरा.

टायरचं सांगणं आवश्यक आहे. काँक्रीटवर सलग वेगाने गाडी पळते तेव्हा कमी हवेचा टायर पुन्हा पुन्हा दबतो, तापतो आणि फुटतो. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर हवेचा आकडा असतो. माणसं आणि सामान भरलेलं असताना वेगळा आकडा दिलेला असतो, तो घ्या. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच तपासा. मोटारींसाठी सपाट भागात वेगमर्यादा १२० आहे, घाटात १००. त्या मर्यादेपर्यंत जायलाच हवं, असं नाही.

परतीचं गणित उलट असतं. रविवारी संध्याकाळी चार ते रात्री नऊ, समृद्धीने आलात काय आणि कसाऱ्याने आलात काय, सगळे वडप्याला एकत्र येतात. समृद्धीवरून माणसं उलट जास्त वेगाने त्या रांगेच्या टोकाशी येऊन पोचतात. तेव्हा नाशिकहून दुपारी बारापर्यंत निघून तीनच्या आत वडपे ओलांडा. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांनी आमण्याहून बापगावमार्गेच घर गाठावं. आणि दुपारी निघणं जमणारच नसेल तर रविवारी रात्री जागून येऊ नका. सोमवारी पहाटे साडेतीनला निघा, सहाच्या आत वडपे मागे टाका. साडेसहानंतर मात्र त्या बायपासवर मुंबईला कामावर जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते.