वेल्डिंगनंतरचे काम

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील या शेडमध्ये दुधासाठीची स्टेनलेस स्टीलची एक टाकी वेल्डिंग पुरे होऊन उभी आहे. सांगली जिल्ह्यातील दूध प्रकल्पांना अशा टाक्या आणि पाइप सतत लागतात. या टाकीचा आकार पूर्ण झाला असला, तरी ती दूध भरण्याजोगी झालेली नाही, आणि त्याचे कारण सांध्याजवळ उघड दिसते. तेथे आधी फिकट पिवळा, मग तपकिरी आणि अगदी सांध्याला लागून निळा-काळा असा रंगांचा पट्टा उमटला आहे.

३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियम ऑक्साइडचा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर तयार होतो, आणि हाच थर पोलादाला गंजापासून वाचवतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मात्र जाड, सच्छिद्र ऑक्साइड तयार होते. त्यासाठी लागणारे क्रोमियम लगतच्या धातूतूनच ओढले जात असल्याने रंगाच्या खालची पातळ पट्टी क्रोमियमला मुकते. म्हणून नुसता रंग पुसून भागत नाही, ही पट्टीही काढावी लागते.

हे काम पिकलिंगने होते. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांची पेस्ट ब्रशने सांध्यावर लावतात आणि ठरलेल्या वेळाने भरपूर पाण्याने धुतात. पेस्ट उन्हात वाळू देणे चुकीचे, कारण मग तिचे डाग धुऊनही जात नाहीत. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेत खोलवर शिरते आणि सौम्य असेल तर सुरुवातीला वेदनाही जाणवू देत नाही. त्यामुळे हातमोजे आणि चेहऱ्यावरील ढाल यांच्याबरोबर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असलेच पाहिजे. धुवणाचे पाणी चुन्याने उदासीन करून आणि त्यातील धातू वेगळे काढूनच पुढे पाठवावे लागते. खर्च वाचवण्यासाठी हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, पण येथे वाचवलेला पैसा गंजाच्या रूपाने बाहेर पडतो.

पॉलिशचे काम पट्ट्याने आणि चाकाने चालते. ८० नंबरच्या, म्हणजे जाड दाण्याच्या एमरीपासून (घासण्याच्या खरखरीत पावडरीपासून) १२०, १८०, २४० आणि ३२० अशा अधिकाधिक बारीक दाण्यांकडे जाताना कुशल कारागीर प्रत्येक वेळी दिशा बदलतो, कारण आडव्या ओरखड्यांवर उभे ओरखडे पडले की आधीचे किती शिल्लक राहिले ते डोळ्यांना दिसते. दुधाशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा, म्हणजे आरए, साधारणपणे ०.८ मायक्रॉनच्या आत ठेवतात. त्याहून खोल चरांत दुधाचा अंश अडकला, की धुण्याचे रसायन तेथवर नीट पोहोचत नाही आणि जिवाणूंना आसरा मिळतो.

साध्या लोखंडावर वापरलेले चाक स्टेनलेसवर चालवले, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि काही दिवसांत तांबूस ठिपके उठतात. मण्यांचा मारा करून मंद, एकसारखा पोत आणायचा असेल, तेव्हाही याच कारणाने काचेचे मणी वापरतात, लोखंडी छर्रे नव्हे. असे रुतलेले लोखंड तपासण्यासाठी नमुन्याचा एक तुकडा मोरचूदाच्या आम्लयुक्त द्रावणाने सहा मिनिटे ओला ठेवला आहे, आणि जेथे सुटे लोखंड आहे तेथेच तांब्याचा गुलाबी डाग धरला आहे. ही चाचणी प्रत्यक्ष टाकीच्या आतील भागावर करायची नसते. सुटे लोखंड काढून संरक्षक थर पुन्हा नीट धरावा, यासाठी नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन करतात. उष्णतेचा रंग मात्र त्याने जात नाही, तेव्हा ते पिकलिंगची जागा घेऊ शकत नाही.

लहान भागांसाठी इलेक्ट्रोपॉलिशिंगचा पर्याय आहे. फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या गरम मिश्रणात भाग विजेच्या धन अग्राला जोडला, की पृष्ठभागाचे सूक्ष्म उंचवटे आधी विरघळतात आणि चकाकी येते. पण खोल ओरखडा तसाच राहतो, किंबहुना चकाकीत तो अधिकच उठून दिसतो.

अनेक ऑर्डरींवर केवळ ‘मिरर फिनिश’, म्हणजे आरशासारखी चकाकी, एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी आरएचे मूल्य, पिकलिंग आणि पॅसिव्हेशन ही तीनही कामे नकाशावरच स्पष्ट नोंदवावीत, कारण नकाशावर नसलेल्या कामाचा दर कोणी लावत नाही आणि दर न लावलेले काम शेडमध्ये होत नाही.