पुकारा: बडोद्यातल्या एका छडीदाराचं काम

(दृश्य: पहाट. सूरसागरचा काठ. टपरीवर चहाचं आधण.)

मी छडीदार, म्हणजे समारंभात माणसांची नावं आणि किताब पुकारणारा. सकाळी साडेपाचला मी बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या काठावर उभा असतो. रहदारी सुरू व्हायच्या आत तासभर रियाज उरकतो. पलीकडच्या कठड्याशी माझा चुलतभाऊ असतो. मी एक नाव पुकारतो. अक्षरन् अक्षर कळलं तर तो हात वर करतो. नुसता आवाज पोहोचला आणि शब्द फुटला, तर हात खालीच राहतो. ओरडता कुणालाही येतं. मांडवभर माणसांच्या कानांत एकच नाव स्वच्छ पोहोचवणं, हे मात्र शिकावं लागतं.

मराठी घरातून फोन आला की म्हणतात, ‘गारद द्यायला या.’ गारद म्हणजे नाव-किताबांची ललकारी. गुजराती यजमान म्हणतात, ‘छडी पोकारवा आवो.’ जुन्या दरबारात हेच काम करणारे भालदार, चोपदार होते. बडोद्यात राहून मला हे सगळे शब्द आपले वाटतात, आणि काम शोधणाऱ्यानं ते सगळे तोंडात ठेवावेत. छडीदार म्हणून विचारलंत तर जे दार उघडतं, ते गारदवाला म्हणून विचारल्यावर उघडेलच असं नाही.

(दृश्य: लक्ष्मी विलास राजवाड्याचा दर्शनी भाग.)

हा राजवाडा १८९० साली पुरा झाला. इथल्या राजांचा किताब होता ‘सेनाखासखेल समशेरबहादूर’. त्यातलं समशेरबहादूर १७२० च्या बाळापूरच्या लढाईतून आलं. तिथल्या पराक्रमाबद्दल साताऱ्याच्या शाहू महाराजांनी तो किताब दमाजी गायकवाडांना दिला. भालदारानं ललकारी दिली की ती लढाई पुन्हा सभेत येऊन उभी राहायची. म्हणून कुठलाही किताब पाठ करण्याआधी मी तो आला कुठून ते शोधतो. अर्थ ठाऊक नसला की जोर भलत्याच अक्षरावर पडतो.

पुकाऱ्याची ताकद इंग्रजांनीही ओळखली होती. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा जाहीरनामा मेजर बार्न्स या उंचापुऱ्या हेरल्डनं, म्हणजे राजघोषणा करणाऱ्या अधिकाऱ्यानं, वाचला, मागून त्याचा उर्दू तर्जुमा झाला. आमचे सयाजीराव तेव्हा १३ वर्षांचे. त्यांना किताब मिळाला ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’, म्हणजे इंग्रज सरकारचा खास पुत्र. संस्थानिकांना कुलचिन्हांची रेशमी निशाणं वाटली गेली. ती इतकी जड, की एक पेलायला दोन सैनिक लागत. पुढे १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात हेच सयाजीराव पंचम जॉर्जपुढे एकदाच लवले आणि पाठ वळवून चालू लागले. विलायतेत गदारोळ उठला. ती नजरचूक होती की बाणा, यावर आजही वाद होतो. मला तो बाणा वाटतो. पुकारा ऐकून कुणी किती वाकायचं, हे शेवटी ऐकणाऱ्याच्याच हातात असतं.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. दरबार संपला, दरबारी मानपान गेले. काम मात्र वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या दारांत जाऊन बसलं.

(दृश्य: कोर्टाच्या व्हरांड्यात थांबलेली माणसं.)

कोर्टात तारखेला गेला असाल तर पुकारा ऐकला असेल. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार चालतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या भरतीत चोबदार हे पद आजही निघतं. दवंडीही कायद्यातून गेलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशात ५४ वा नियम आहे. स्थावर मालमत्ता जप्त झाली, तर त्या जागी किंवा तिच्याजवळ ढोल वाजवून अथवा तिथल्या रिवाजानं ती जाहीर करायची, असं त्यात लिहिलंय. फरार आरोपीची उद्घोषणा तो राहतो त्या गावात सर्वांसमक्ष वाचायची, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ८४ व्या कलमातही आहे. या नोकऱ्या हव्या असतील तर न्यायालयांच्या भरतीच्या जाहिराती बघत जा. बेलिफ, शिपाई, चोपदार, ही नावं लक्षात ठेवा. लोकसभेत अध्यक्ष आल्याची वर्दी देणारा मार्शल असतो. तोही मला आमच्याच पंगतीतला वाटतो.

वारीत गेलात तर माउलींच्या पालखीचा चोपदार बघा. समाजआरतीला त्यानं चोप उंच धरला की हजारो टाळ जागच्या जागी थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावं पुकारली जातात. एवढ्या गर्दीला एका दांड्यानं गप्प करणं मला अजून जमलेलं नाही. मी ते बघत उभा राहतो.

लंडनच्या हेरल्डांची संस्था १४८४ साली स्थापन झाली. आज तिथे १३ अधिकारी आहेत. हेरल्डचा सरकारी पगार वर्षाला १७ पौंड ८० पेन्स. त्यांचं पोट चालतं ते लोकांना कुलचिन्हं आखून देण्यावर आणि वंशावळी शोधण्यावर. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. नुसत्या पुकाऱ्यावर माझंही घर चालत नाही. लग्नसराईत गारद असते, गणपतीत मंडळांचं निवेदन असतं, शिवजयंतीला मिरवणूक. पावसाळ्यात मी आवाज देतो, म्हणजे दुकानांच्या रिक्षा-जाहिराती आणि माहितीपटांचं निवेदन. हा माहितीपटही त्यातलाच.

(दृश्य: हातात वही. मोठ्या अक्षरात लिहिलेली नावं.)

आता थोडं हत्याराविषयी. गारद देताना सगळ्यात जास्त मोडतो तो शब्द म्हणजे ‘क्षत्रियकुलावतंस’. दहातली आठ मुलं ‘कुलवंतस’ म्हणतात. शब्द आहे कुल अधिक अवतंस. अवतंस म्हणजे कानातला किंवा शिरावरचा दागिना. क्षत्रियांच्या कुळाचं भूषण. एकदा हे कळलं की जीभ आपोआप ‘ला’वर थांबते. तसंच ‘राजनीतिधुरंधर’ आणि ‘प्रौढप्रतापपुरंदर’. पाठोपाठ येतात म्हणून मुलं दुसऱ्यालाही ‘पुरंधर’ करून टाकतात. पुरंदर म्हणजे इंद्र. शिवरायांच्या नावाआधीचा एक शब्दही मोडलेला मला सहन होत नाही. चिडून नाही, पण मुलाला तिथेच थांबवतो.

श्वास बेंबीपासून घ्यायचा. घशातून ओढलात तर तिसऱ्या लग्नाला आवाज बसतो. सूरसागरसमोरच विद्यापीठाचं परफॉर्मिंग आर्ट्सचं महाविद्यालय आहे. १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेपासूनची ही परंपरा. नाट्य किंवा गायन शिकायची संधी असेल तर सोडू नका. माझी राहून गेली, आणि ती उणीव मला रोज जाणवते.

पैशांचं स्पष्ट बोला. निम्मे आधी घ्या. अंगरखा, पगडी भाड्याची असेल तर ते भाडं वेगळं लावा. एका कार्यक्रमाच्या ठेकेदारानं मला भर उन्हात तीन तास उभं केलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम मी मेसेजवर लिहून घेतो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. एका लग्नात यादी माझ्याकडे ऐनवेळी आली. मी दोन्हीकडची नावं पुकारली, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत पगडी घातलेले एक वृद्ध माझ्याकडे बघत बसले होते. ते वधूचे आजोबा. यादीत त्यांचं नाव राहून गेलं होतं, आणि मी विचारलं नव्हतं. जेवणाच्या वेळी मी जाऊन पाय धरले. ते म्हणाले, ‘असू दे.’ पण पगडी त्यांनी तेव्हाच काढून मांडीवर ठेवली होती.

(दृश्य: दांडिया बाजारातली खोली. फोन कानाशी, वहीत पेन.)

आता कार्याच्या आधी मी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला फोन लावतो. या शनिवारी मांडवीजवळ लग्न आहे. आज आजींशी बोललो. त्यांनी पाच पिढ्या सांगितल्या, मध्येच दोनदा थांबल्या. त्यांच्या पतीचं नाव कागदोपत्री वेगळं आणि घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे.

‘यातलं कुठलं घेऊ, आजी?’

‘दोन्ही घ्या,’ त्या म्हणाल्या. ‘आणि आधी कैलासवासी म्हणायला विसरू नका. हळू म्हणा हं तेवढं.’

मी वहीत नावाच्या बाजूला लिहून ठेवलं: हळू.